ढमी अठ्ठ्याहत्तरने धावली

आत्याला वेगाच्या गुन्ह्यात पकडलं, ही बातमी लाँड्रीत आधी कुणाला पटेचना, आणि पटली तेव्हा इस्त्रीखाली एका शर्टाची बाही करपली. नोटीस फोडली होती भाचेसुनेने. तिने ती आधी मनात वाचली, मग मोठ्याने वाचली, आणि मग इस्त्री तशीच शर्टावर विसरून नवऱ्याला हाक मारली.

"अहो, लवकर या! आत्यांनी वेगमर्यादा मोडली!"

भाचा मागच्या खोलीत मोठ्या मशीनच्या पोटात डोकं घालून गळती शोधत होता. तो आतूनच म्हणाला, "कुणाच्या आत्यांनी?"

"आपल्या! हॉस्पिटलच्या उतारावर. पन्नासच्या रस्त्यावर अठ्ठ्याहत्तर!"

आत डोकं आपटल्याचा आवाज झाला. भाचा डोकं चोळत बाहेर आला, फेसाने माखलेल्या हातात त्याने तो कागद धरला आणि हसायला लागला तो थांबेचना. पोट धरून हसला, भिंतीला टेकून हसला, शेवटी इस्त्री केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसून हसला. तिथे बसायला लाँड्रीत सगळ्यांना मनाई आहे आणि ती मनाई त्यानेच केलेली आहे. "ढमी," एवढंच तो म्हणे आणि पुन्हा सुरू होई. "ढमी! अठ्ठ्याहत्तरने!"

त्याचं हसणं समजायचं तर ढमी पाहायला हवी. ढमी म्हणजे लाँड्रीची गाडी. नाक बसकं, पोट सुटलेलं, आणि मागचं दार खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. वेगाचा काटा कधीचाच चाळीसवर मरून पडलाय. आत्याला कुणी तो दुरुस्त करायला सांगितलं की ती म्हणते, "खोटं तर बोलत नाही ना बिचारा? मग राहू दे." सायकलवाले ढमीला मागे टाकतात आणि जाता जाता आत्याला हातही करतात. सिग्नलला मागच्या गाड्या बोंबलतात, आत्या आपली खिडकीची काच वर करून घेते. मागे दांडीवर शर्ट टांगलेले, खाली गठ्ठे रचलेले. एक ब्रेक जोरात लागला की सकाळपासूनची इस्त्री मातीमोल. या धंद्यात घाई करणारा माणूस तेच कपडे दोनदा इस्त्री करतो, हे आत्याने सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलंय की आता ती तोंड उघडायच्या आधीच लोक मान डोलावतात.

आत्या या घरात आली ती सासरहून एक पेटी घेऊन, आणि परत गेली नाही. का, ते तिने सांगितलं नाही आणि तिच्या भावाने विचारलं नाही. भले भाऊ असेच असतात. पुढे वहिनी गेली, पाठोपाठ भाऊ गेला, आणि मागे उरलं एक अजून शाळेतही न जाणारं एवढंसं पोर, दोन मशिनी आणि ढमी. तेव्हा आत्याला सायकलसुद्धा येत नव्हती. तिने गाडी शिकून घेतली. पोराला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून पहाटेच्या फेरीला त्याला बरोबर घ्यायची. ते मागे गठ्ठ्यांवर झोपायचं, आणि वळणावर गठ्ठ्यासकट घरंगळू नये म्हणून आत्या गाडी हळू हाकायची. लोकांना वाटतं कपड्यांसाठी.

तेच पोर आता मालक झालंय, त्याला टक्कल पडायला लागलंय, आणि त्याच्या मनात गेले कित्येक महिने एक बेत शिजतोय. कपडे पोचवायचं काम एखाद्या नव्या गाड्यांवाल्या कंपनीला द्यायचं, ढमी भंगारात घालायची आणि सत्तरीला टेकलेल्या आत्याला गल्ल्यावर गादी टाकून पंख्याखाली बसवायचं. प्रेमापोटीच हो. पण प्रेमाने माणूस जे जे करतो ते सगळं समोरच्याला मानवतंच असं कुठे आहे? आत्यासमोर विषय काढला की ती चावी पदराला बांधते आणि फेरीला निघून जाते.

तर ती फेरीवरून परत आली आणि दारातच म्हणाली, "दात कसले काढताय सगळे?"

भाचेसुनेने नोटीस पुढे केली. खाली फोटो छापला होता. समोरची काच, काचेमागे आत्या, आणि तिचं तोंड चांगलं वासलेलं.

"जांभई दिलीस की काय गाडी चालवताना?" भाचा म्हणाला.

"जांभई कुठली, शिंकतायत त्या," भाचेसून म्हणाली.

आत्याने चष्मा लावून फोटो पाहिला. ती जांभई नव्हती आणि शिंकही नव्हती. ती हसत होती. एकटी, सकाळच्या प्रहरी, वेड्यासारखी मोठ्याने. ती सकाळ तिला लख्ख आठवली. हॉस्पिटलमध्ये धुतलेल्या चादरी उतरवून झाल्या, पण मळक्या कपड्यांच्या खोलीची किल्ली सापडेना. आया शोधतेय, शिपाई शोधतोय, शेवटी आत्याच म्हणाली, उद्या नेते. नाहीतर लाँड्रीची गाडी जाताना भरलेली आणि येतानाही भरलेली. धुतलं द्यायचं, मळकं उचलायचं, हा या धंद्याचा नेम. त्या दिवशी मात्र ढमी मोकळी निघाली. उतार लागला, रस्ता सामसूम, खिडकीतून वारा आला आणि ढमी अशी काही निघाली की आत्याला आधी भीती वाटली, आणि मग भीती कुठे गेली ते कळलंच नाही. किती वेगाने गेली कुणास ठाऊक. काटा नेहमीसारखा चाळीसवर होता.

हे सगळं तिने घरात सांगितलं नव्हतं. "आज हॉस्पिटलचे कपडे मिळाले नाहीत," एवढंच सांगितलं होतं, आणि भाचा हॉस्पिटलच्या नावाने चार शिव्या हासडून ते विसरूनही गेला होता.

"दंड भरून टाका आणि विषय मिटवा," भाचेसून म्हणाली.

"भरायचा?" भाचा एकदम गंभीर झाला. "भरला म्हणजे कबूल केलं. आत्या, हे बघ, कॅमेरा चुकलाय हे मला माहीत आहे. पण समज तू खरंच अशी गेली असशील, तर या वयात चावी मी तुझ्या हातात ठेवणार नाही. मला झोप लागायची नाही रात्री. बोल, कबूल?"

आत्या ताठ झाली. "कबूल. गेले असेन तर चावी तुझ्या हातात."

तेवढ्यात वकीलबाई आल्या. त्यांचे काळे कोट इथेच धुवायला असतात आणि त्या कोट न्यायला आल्या की अर्धा तास बोलून जातात. त्यांनी नोटीस पाहिली मात्र, चेहरा असा उजळला की जणू पहिलीच केस मिळाली. "भरायचा नाही! लढायचं! अहो, ही गाडी एवढी पळूच शकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. हरकत नोंदवते, गाडीची सरकारी चाचणी मागते. तपासणी केंद्राच्या मैदानावर त्यांच्यासमोर पळवून दाखवायची. नाहीच पळाली की तसा दाखला मिळतो, आणि दंड रद्द! माझी फी म्हणून कोटाच्या बाह्यांना तेवढी नीट इस्त्री करा."

"आणि असा दाखला मिळाल्यावर गाडीचं काय होतं?" आत्याने विचारलं.

वकीलबाईंनी नोटीस उलटीपालटी करून पाहिली. "एवढी अशक्त निघाली तर... रस्त्यावर चालवायची परवानगी काढून घेतील बहुतेक."

भाच्याने टाळी वाजवली. "एका दगडात दोन पक्षी!"

पाहा म्हणजे कशी गंमत. दंड भरला तर आत्या बेफाम ठरणार आणि चावी जाणार. लढून जिंकली तर ढमी निकामी ठरणार आणि गाडीच जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या काठावर भाचा हसतमुखाने उभा.

त्या दुपारी त्याने खातरजमाही करून घेतली. हॉटेलचे ओले टॉवेल भरलेली ढमी त्याने स्वतः बाह्यवळण रस्त्यावर नेली, पाय पार तळाला टेकवला आणि मोबाईलवर वेग बघितला. परत आला तो विजयी वीरासारखा. "छप्पन्न! त्याच्या वर एकसुद्धा नाही. इंजिन नुसतं रडत होतं. आत्या, तू सुटलीस!"

सगळे खूश झाले. आत्या एकटी जाऊन ढमीत बसली. भाचेसून चहा घेऊन मागोमाग गेली आणि शेजारच्या सीटवर बसली.

"आत्या, खरं सांगा. त्या फोटोत तुम्ही हसताय ना?"

आत्याने चहाचा घोट घेतला. "तुला कसं कळलं?"

"मी तुम्हाला असं हसताना कधी बघितलंच नाही. म्हणून तर शिंक म्हणाले."

"मग खरंच गेले असेन का गं मी?"

"ते छप्पन्न म्हणतायत."

"तो छप्पन्न म्हणतो, कागद अठ्ठ्याहत्तर म्हणतो आणि काटा चाळीस म्हणतो," आत्या चिडली. "एवढी वर्षं मी ही चालवतेय, आणि ही काय करू शकते ते मलाच माहीत नाही? रस्त्यावर पळवून बघायची सोय नाही, पुन्हा कागद यायचा. माझं ते वयही नाही आणि धंदाही नाही." मग ती थबकली. बशी तिच्या हातात तशीच राहिली. "अगं! त्या चाचणीच्या मैदानावर कितीही जोरात पळवलेलं चालतं?"

"चालतं काय, तेच सांगतात करायला!"

"सरकारच सांगणार पाय दाबा म्हणून?"

"सरकारच!"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि आत्या अशी हसली की चहा बशीतून मांडीवर सांडला. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढून लाँड्रीच्या दिशेने ओरडून सांगितलं, "वकीलबाईंना कळव! आपण लढतोय!"

चाचणीच्या दिवशी लाँड्रीला कुलूप लागलं. भाच्याने पाटी लावली, 'तातडीच्या कामामुळे बंद', आणि मग 'तातडीच्या' खोडून 'कोर्टाच्या' लिहिलं, कारण त्यात वजन वाटलं. भाचेसून आणि वकीलबाई वकीलबाईंच्या गाडीत बसल्या. ढमीत आत्या आणि भाचा. वाटेत हॉटेलचे गठ्ठे उचलायचे होतेच, ते उचलले. कोर्टकचेरी झाली म्हणून नेम थोडाच चुकवायचा? भरल्या पोटाने ढमी डुलत डुलत तपासणी केंद्रावर पोचली. फाटकावर वकीलबाई हात चोळत म्हणाल्या, "घोडामैदान जवळच आहे!"

समोर लांबच लांब सरळ डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंना गवत, कडेला एक टपरीवजा कचेरी. तिथला अधिकारी उंच, वाळका आणि फार झोप झालेली नसावी असा. त्याने ढमीभोवती एक चक्कर मारली, मागचं दार खांदा लावून उघडलं आणि आत डोकावला.

"हे काय?"

"टॉवेल," भाचा म्हणाला.

"उतरवा. चाचणी मोकळ्या गाडीची होते. आमचा नियम आहे."

भाच्याने गठ्ठे उतरवून गवतावर ओळीने मांडायला घेतले. पहिला गठ्ठा, दुसरा गठ्ठा. ओले टॉवेल म्हणजे कंबरेचा काटा ढिला करणारं काम. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर ढमीचं पोट जमिनीपासून थोडं थोडं वर येत होतं. आत्या बाजूला उभी राहून बघत होती, आणि शेवटचा गठ्ठा खाली पडला तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. मोकळी! त्या सकाळी ढमी मोकळी होती! भाच्याने ती पळवली ती टॉवेल भरून, गॅरेजच्या मिस्त्रीने आजवर तपासली तीही गठ्ठे भरून, आणि तिने स्वतः सारा जन्म चालवली ती गच्च भरून. लाँड्रीवाल्यांना मोकळी गाडी माहीतच नाही. गाडी अशक्त आहे असं ज्या ज्या माणसाने आजवर ठरवलं, त्याने तिच्या पाठीवर आधी डोंगर ठेवला होता.

"आजी, चला," अधिकारी शेजारच्या सीटवर बसत म्हणाला. मांडीवर त्याने वेग मोजायचं यंत्र धरलं. भाचा मागे चढला आणि जिथे गठ्ठे असतात तिथे उकिडवा बसला.

आत्याने चावी फिरवली. तिला आता सगळं स्वच्छ दिसत होतं. पाय जरासा राखून दाबला तर केस जिंकली, दंड गेला, वकीलबाई खूश, भाचा खूश, आणि ढमी भंगारात. पाय पुरा दाबला तर नोटीस खरी ठरणार आणि भाच्याला दिलेला शब्द पाळावा लागणार. कसंही झालं तरी आज शेवटचंच चालवणं. मग खोटं कशाला चालवा? तिने पदर कमरेला खोचला.

"साहेब, पुरा दाबू ना?"

"दाबा की. किती दबतो ते बघू," अधिकारी जांभई देत म्हणाला.

आत्याने दाबला.

ढमी आधी खोकली. मग तिने एक दीर्घ श्वास घेतल्यासारखा केला आणि निघाली. पट्ट्यावरचे पांढरे पट्टे गाडीखाली पळायला लागले, गवतावरचे गठ्ठे कुठल्या कुठे मागे पडले, दांडीवरचे मोकळे हँगर्स खुळखुळायला लागले. अधिकाऱ्याची जांभई अर्ध्यावर राहिली. "पंचावन्न," तो म्हणाला. "बासष्ट... अडुसष्ट... अहो आजी!"

"थांबू?"

"नको! नको, चालू दे! बाहत्तर!"

मागून भाचा ओरडायला लागला. आधी तो "आत्या, हळू" म्हणत होता. नंतर तो नुसताच "आत्या!" म्हणत होता. आणि पंच्याहत्तर झाल्यावर तो पुढच्या सीटच्या पाठीवर थापा मारत, लहान पोरासारखा किंचाळत, "अजून, आत्या, अजून!" म्हणत होता. खिडकीतून वारा भणाणून आला, आत्याचा अंबाडा सुटला, आणि तिला हसू आलं ते तिने याही खेपेला अजिबात आवरलं नाही.

"ब्याऐंशी!" अधिकारी ओरडला. आपण सरकारी माणूस आहोत हे तो साफ विसरला होता.

पट्टा संपत आल्यावर आत्याने ब्रेक लावला, असा की एक हँगरसुद्धा पडला नाही.

वकीलबाई धावत आल्या. निकाल ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. अधिकाऱ्याने तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं: हरकत फेटाळली, दंड कायम, गाडी ठणठणीत, ब्रेक उत्तम, वेगाचा काटा तेवढा बदलावा. "असे वाजतगाजत हरलेले अशील मी पहिल्यांदाच बघतेय," वकीलबाई म्हणाल्या आणि मग त्यांनाही हसू फुटलं. भाचेसून तर टाळ्याच वाजवत होती.

आत्या मात्र खाली उतरली, केस बांधले, आणि चावी काढून भाच्याच्या हातावर ठेवली. "बोलले होते मी."

भाचा चावीकडे बघत राहिला. मग तो गवतावरचे गठ्ठे उचलायला गेला. एकेक गठ्ठा आणून तो ढमीत रचू लागला, आणि आत्या पाहत होती की प्रत्येक गठ्ठा ठेवला की तो मागे सरकून गाडीचं पोट किती खाली गेलं ते वाकून बघतोय. शेवटचा गठ्ठा ठेवून त्याने खांद्याने दार मिटलं आणि तो आत्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे लाल झाले होते. वाऱ्याने, असं तो नंतर म्हणाला.

"आत्या, मी तुला गल्ल्यावर बसवायला निघालो होतो."

"माहीत आहे."

"पाठीवर ओझं असलं की तू आणि ढमी, दोघी कशा शहाण्यासारख्या चालता. आज मी ओझं काढून बघितलं." त्याने चावी तिच्या मुठीत कोंबली आणि मूठ दोन्ही हातांनी मिटवली. "दंड मी भरतो. नवा काटापण मी बसवतो. पण यापुढे कुठे मोकळी फेरी निघाली, तर मला घेतल्याशिवाय जायचं नाही. सांगून ठेवतो."

"तुला कशाला? घाबरतोस ना तू?"

"मला पण यायचंय," भाचा म्हणाला, आणि म्हणताना तो थेट पाच वर्षांचा झाला.

परतीच्या वाटेवर ढमी पुन्हा जुनी ढमी झाली. इंजिन कण्हत होतं, काटा चाळीसवर निवांत पडला होता, आणि एक सायकलवाला मागून येऊन पुढे निघून गेला, जाताना हात करून. भाचा पुढे बसला नाही. ओरडून ओरडून दमला होता, मागे टॉवेलांवर जरा आडवा होतो म्हणाला. पहिल्या चौकातच बोलणं बंद झालं. आत्याने आरशात पाहिलं. टक्कल पडलेलं ते पोर गठ्ठ्यावर गाल ठेवून, तोंड उघडं टाकून गाढ झोपलं होतं. पुढे वळण होतं. आत्याने पाय थोडा आणखी वर उचलला.